आखूड पलंग

सॅम्पल फ्लॅटमधल्या पलंगावर कुणी झोपून बघत नाही, या एका गोष्टीवर गुण्याचं पोट चालायचं.

इमारत उभी राहायच्या आधी बिल्डर मोकळ्या जागेत एक खोटं घर उभं करतो, गिऱ्हाइकांना दाखवायला. अशा खोट्या घरांचं सुतारकाम हा गुण्याचा धंदा. पलंग वीतभर आखूड. सोफा असा की त्यावर अर्धीच मांडी टेकावी. जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या बालवाडीला शोभतील अशा, आणि कपाट इतकं उथळ की त्यात शर्ट सरळ टांगला तर दार लागू नये. खोल्यांना तर दारंच नाहीत. दार उघडायला जागा लागते, आणि ती जागा गिऱ्हाइकाच्या डोळ्यावर येते. एकच वस्तू लहान केली तर चोरी पकडली जाते. सगळंच बेताबेताने लहान केलं की खोली आपोआप मोठी होते, आणि बिल्डरचे साहेब गुण्याच्या पाठीवर थाप मारून पुढच्या कामाचं बोलतात.

गुण्या हे त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. काटकोन तपासायचं सुताराचं हत्यार असतं, त्याला गुण्या म्हणतात. या माणसाला जगातली प्रत्येक गोष्ट तिरकी दिसायची आणि तसं तो तोंडावर सांगायचा, म्हणून वर्कशॉपमधल्या लोकांनी हे नाव ठेवलं. बायकोसुद्धा रागावली की तेच वापरायची. अंगाने लांबुडका, चौकटीखालून जाताना सवयीनेच मान वाकवणारा. उंची आईकडून आलेली, आणि जीभही तिकडूनच.

सगळ्यात जास्त त्याला तिरकी दिसायची ती गिऱ्हाइकं. सॅम्पल फ्लॅट उघडा झाला की दोन-चार दिवस किरकोळ डागडुजीला त्याला थांबावं लागायचं, आणि तो तमाशा तो आवडीने बघायचा. नवरा-बायको यायचे, बरोबर एखादा शहाणा मामा. बाई दोन्ही हात छातीशी नेऊन म्हणायची, "अगंबाई, केवढी ऐसपैस खोली आहे!" पार्टिशनमागे पॉलिशचा बोळा फिरवत गुण्या पुटपुटायचा, "त्या पलंगावर नवऱ्याला झोपवून बघ एकदा, म्हणजे पाय भिंतीबाहेर काढावे लागतील." बाप्ये त्याहून थोर. खिशात हात घालून भिंतीकडे बघत मान हलवायचे, जणू भिंत यांच्या परवानगीसाठीच खोळंबली होती. आणि मामा नळ सोडून बघायचा. सॅम्पल फ्लॅटच्या नळाला पाणी नसतं, हेसुद्धा त्या मामाला माहीत नसायचं.

संध्याकाळी घरी आला की तो या सगळ्यांच्या नकला करायचा. भाड्याची दीड खोली, तिच्या मध्यभागी उभा राहून छातीशी हात नेत "अगंबाई!" म्हणायचा. बायको एका दवाखान्यात पेशंटचे नंबर पुकारायचं काम करायची. दिवसभर ओरडून बसलेल्या घशाने ती हसायची, पण एकदा तिने विचारलं, "तुम्हाला कीव नाही येत त्यांची?"

"कीव? डोळे उघडे ठेवायला पैसे पडत नाहीत. मापाची टेप घेऊन यायला कुणी बंदी केली आहे का? बावळटांना फसवलं तर पाप लागत नाही."

असा हा माणूस. आणि या माणसाला घर घ्यायचं होतं.

घर तसं त्याला आईसाठी हवं होतं. आई थोरल्या भावाकडे राहायची. दादाचं घर स्वतःचं, पण माणसं जास्त, म्हणून आईची खाट स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधल्या बोळात लावलेली. खाटेपुढे दोरीवर पडदा. न्हाणीघराकडे जाणारा प्रत्येक जण त्या पडद्याला खांदा घासून जायचा, पहाटे, दुपारी, केव्हाही. वहिनी वाईट नव्हती, दादाही वाईट नव्हता. पण म्हाताऱ्या बाईला लुगडं बदलायचं तर न्हाणीघर रिकामं व्हायची वाट बघावी लागायची, आणि त्या घरात न्हाणीघर कधी रिकामं नसायचं.

एकदा गुण्या भेटायला गेला असताना पडद्याआडून एक हात आत आला, चाचपडत आईचा चष्मा उचलला, आणि "सॉरी आजी, पेन समजलो" म्हणून परत ठेवला. नातू होता. आई हसली. गुण्याला मात्र काही हसू आलं नाही. तिथेच तो बोलून गेला, "आई, माझ्या घरात तुला तुझी खोली. दार असलेली. आतून कडी."

"कडी लावून काय करू रे मी?"

"काहीही कर. नुसती बस."

आईने हात झटकून विषय उडवला. पण त्यानंतर फोन झाला की ती घराचं कधीच विचारायची नाही. ती विचारायची, "माझ्या दाराचं काय झालं?"

मग सुरू झाली घरं बघण्याची वरात. एजंट म्हणजे तोंडाला कुलूप नसलेला माणूस. कुठलीही खोली दाखवताना "आपलीच समजा" म्हणायचा, आणि किंमत सांगताना मात्र ती आपली नाही हे नीट समजावून सांगायचा. बायकोला स्वयंपाकघरात सकाळचं ऊन हवं होतं. ते पहिल्या आठवड्यातच सुटलं. मग गॅलरी सुटली. लिफ्टवर काही दिवस वाद चालला आणि तीही सुटली, कारण "चढण्याने तब्येत चांगली राहते" असं एजंटने सांगितलं, आणि तो स्वतः खालीच थांबला. एका घरात खिडकी उघडली तर समोर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीतला माणूस दाढी करत होता. त्याने फेस लावलेल्या तोंडाने नमस्कार केला. एजंट म्हणाला, "शेजार जवळचा आहे. अडीअडचणीला बरा."

"माझा वस्तरा बोथट झाला तर त्याचा घेता येईल," गुण्या म्हणाला, आणि जिने उतरू लागला.

प्रत्येक घराला तो नावं ठेवायचा आणि प्रत्येक घर त्याला परवडेनासं व्हायचं. नाकाने कांदे सोलणाऱ्याला कांद्याचा भाव विचारायची वेळ आली होती. सगळ्यात वाईट म्हणजे बायको थकली. सुरुवातीला ती प्रत्येक खोलीत कपाट कुठे, पाटा-वरवंटा कुठे, असं बोलायची. पुढे पुढे दारातूनच एक नजर टाकून "चालेल" म्हणू लागली. ओल आलेल्या भिंतीलाही "चालेल", मोरीच्या वासालाही "चालेल". त्या शब्दाची गुण्याला शिसारी आली. अशाच एका "चालेल"नंतर तो खाली येऊन स्कूटरवर बसला आणि स्कूटर चालू करेचना. बायको मागे बसून वाट बघत होती. त्याला कळेना, इतकी वर्षं लाकूड कापून, पोटाला चिमटा घेऊन जे साठवलं त्यात माणसाने उभं राहावं असं एकही घर का बसू नये. आपण कमी पडलो, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. ते बायकोला सांगायची हिंमत नव्हती, म्हणून तो तिच्यावरच ओरडला, "चालेल काय चालेल? तुला काहीही चालतं!"

बायको म्हणाली, "तुम्हीसुद्धा चाललातच की."

दादाला फोनवर सांगितलं तर दादाने अक्कल शिकवली. "अंथरूण पाहून पाय पसरावेत, बाबा. आईचं काय, आमच्याकडे आहेच ती." त्या "आहेच ती"ने गुण्याच्या डोक्यात तिडीक गेली. दुसऱ्याच दिवशी त्याने गावाबाहेर नव्याने निघालेल्या एका इमारतीची चौकशी केली. दूर होती, बस दोनदा बदलावी लागणार होती, पण भाव आवाक्यातला होता आणि खोल्या दोन होत्या. इमारत अजून खड्ड्यातच होती. बघायला होता तो सॅम्पल फ्लॅट.

गुण्या आत शिरला तो छाती काढून. हे त्याचं माहेर होतं. टेप काढली, थेट पलंग गाठला, मापला. पुन्हा मापला. पलंग पूर्ण लांबीचा होता. विश्वास बसेना म्हणून तो बुटांसकट वर आडवा झाला. माहिती सांगणारी पोरगी धावत आली. "सर, प्लीज, पलंगावर नको!"

"झोपण्यासाठीच आहे ना? मग झोपतोय."

पाय बाहेर आले नाहीत. त्याने छोट्या खोलीतली खाटही मापली, तीही पुरती. कपाटात हँगर अडकवून दार लावलं, लागलं. खुर्चीत बसला, गुडघे टेबलाला लागले नाहीत. दारं नव्हती, पण त्यांची जागा त्याने मनात धरली. दार आत उघडलं तरी खाटेपासून दोन बोटं सुटत होतं. तेवढ्यात भिंतीला पाठ टेकून उभी राहिलेली बायको चमकून सरळ झाली.

"अहो, ही भिंत हलते का?"

"सॅम्पलची भिंत आहे, ती हलायचीच. तू भिंत काय बघतेस? पलंग बघ. इथे चोरी नाही."

त्याच आठवड्यात त्यांनी घर नक्की केलं. वर्कशॉपमध्ये गुण्याने पेढे वाटावेत तसा हा किस्सा वाटला. "चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. बुटांसकट झोपलो! ती पोरगी बघतच राहिली." आईला फोन केला. "तुझ्या दाराचं झालं बरं का." पलीकडून आई म्हणाली, "कडी पितळेची लाव. लोखंडी गंजते."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं जुनी माणसं म्हणायची. याचा बैल रिकामा निघायला दोन वर्षं लागली, कारण इमारत बांधायला तेवढा वेळ गेला.

किल्ली मिळाली त्या दिवशी नवरा-बायको आत गेले, आणि गुण्या पहिल्याच खोलीत थबकला. काहीतरी तिरकं होतं. टेप काढायची गरजही नव्हती, पण काढली. सॅम्पलमधल्या भिंती प्लायच्या होत्या, वर रंगीत कागद चिकटवलेला. बोटभर जाडीच्या. खऱ्या घराच्या भिंती विटांच्या, दोन्ही अंगांनी प्लास्टर केलेल्या, वीतभर जाड. प्रत्येक खोलीतून दोन्हीकडून जागा खाल्लेली. आयुष्यभर जो माणूस प्लाय कापत आला, त्याने दुसऱ्याचा पलंग मापला आणि प्लायच्या भिंतीवर कागद बघून तो गप्प राहिला. भिंत हलते हे बायकोने सांगितलं होतं. नंबर पुकारणाऱ्या बाईला जे कळलं ते या लाकडाच्या किड्याला कळलं नाही.

तो बिल्डरच्या ऑफिसात भांडायला गेला. तिथल्या माणसाने त्याला पाणी दिलं आणि गोड हसून म्हणाला, "सॅम्पल हे सॅम्पल असतं हो. तुम्ही तर आमच्याच लाइनीतले, तुम्हाला काय सांगायचं?" गुण्या ते पाणी प्यायला आणि मूग गिळून परत आला.

बाकी खोल्यांचं एक वेळ निभलं असतं. पदरी पडलं आणि पवित्र झालं, असं म्हणून माणूस जगतोच. पण आईच्या खोलीचं काही केल्या जमेना. पूर्ण लांबीची खाट ठेवली की दार अर्ध्यातच अडायचं. बाहेर उघडावं तर समोर संडासाचं दार. सरकतं करावं तर भिंतीला तेवढी लांबी नाही. घडीचं दार बसलं असतं, पण त्याला धड कडी लागत नाही, बाहेरून बोट घातलं की उघडतं. आईचे गुडघे गेलेले, जमिनीवर गादी टाकून तिला उठवणार कोण? म्हणजे एक तर झोपण्यापुरती खाट, नाही तर दार. गुण्या त्या रिकाम्या खोलीत पुन्हा पुन्हा जाऊन उभा राहायचा आणि तेच तेच मापायचा.

शेवटी त्याने पलंग केला. सागवानाचा, खऱ्या लाकडाचा. डोक्याकडच्या फळीला नाजूक गोलाई दिली, कडा अशा घासल्या की हात फिरवावासा वाटावा. जन्मात इतकं चांगलं काम त्याने कुठल्या बिल्डरला करून दिलं नव्हतं. आणि पलंग वीतभर आखूड केला. त्यासाठी विचार करावा लागला नाही. हाताला ते माप पाठ होतं.

बायको दारात उभी राहून बघत होती. "हा कुणासाठी?"

"आईसाठी."

"आई तुमच्याएवढ्या उंच आहेत."

"म्हातारपणी माणूस आकसतो."

"गुण्या," बायको म्हणाली, "बावळटांना फसवलं तर पाप लागत नाही म्हणालात ना? आई कधीपासून बावळट झाल्या?" आणि ती आत निघून गेली.

आई आली. बॅग खाली ठेवायच्या आधी म्हणाली, "माझं दार कुठलं?" त्याने दाखवलं. तिने दाराच्या फळीवरून तळहात फिरवला, पितळी कडीवर बोट फिरवलं. आत गेली, दार लावलं. कडी बसली. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. गुण्या बाहेर श्वास धरून उभा. सॅम्पल फ्लॅट बघायला आलेल्यांसमोर साहेब असेच उभे राहतात, पकडले जाऊ की काय या भीतीने, हे त्याच्या मनात आलं आणि त्याने ते झटकून टाकलं.

आई बाहेर आली. "छान आहे," म्हणाली. पलंगाचं काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही बोलली नाही. जेवायची, सुनेशी गप्पा मारायची, आणि दार लावून बसायची. गुण्याला वाटू लागलं, जमलं. माणूस खरंच आकसत असेल. स्वतःच्याच खोट्या मालाला फसणारं असलं गिऱ्हाईक त्याला दुसरं भेटलं नसतं.

रविवारी दुपारी दादा आणि वहिनी घर बघायला आले. वहिनीने स्वयंपाकघरात नाक मुरडून घेतलं, दादाने खिशात हात घालून भिंतींकडे बघत मान हलवली. मग सगळे आईच्या खोलीच्या दाराशी आले. आई पलंगावर मधोमध बसली होती, ताठ, दोन्ही पाय खाली जमिनीवर.

दादाच्या भुवया वर गेल्या. "अरे, केवढी ऐसपैस खोली आहे! आम्हाला वाटलं होतं, कोंबडीचं खुराडं असेल."

तेच शब्द. गुण्याने आजवर ज्यांच्या नकला केल्या ते सगळे मामा आणि सगळ्या बाया दादाच्या तोंडून बोलल्या. एरवी तो आतल्या आत हसला असता. आज त्याने खाली बघितलं.

वहिनीने पलंगाच्या फळीवरून हात फिरवला. "काम बाकी झकास हं, भाऊजी. आई, तुमची झोपायची वेळ झाली ना? पडा की. आम्ही काय परके आहोत?"

"दुपारचं झोपणं सोडलं मी," आई म्हणाली.

गुण्याने मान वर केली. दादाच्या बोळात, पडद्याला खांदे घासत माणसं जात असताना, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये, आई दुपारची झोपायची. लग्नाघरी झोपायची. नवरा गेला त्या आठवड्यातसुद्धा जेवण झालं की भिंतीला टेकून डोळा लावायची. ती बाई दोन तास पाठ सरळ ठेवून बसली. दादाचा चहा झाला, वहिनीने माहेरच्या लग्नाची सगळी कहाणी सांगितली, दादाने घरांच्या भावावर व्याख्यान दिलं. आईच्या पापण्या खाली येत होत्या आणि ती त्या उचलून धरत होती. पाहुण्यांसमोर आडवी झाली असती तर पाय बाहेर आले असते, आणि मुलाने केलेलं काम उघडं पडलं असतं.

ते गेल्यावर गुण्या हत्यारांच्या पेटीतून स्क्रूड्रायव्हर घेऊन आईच्या दाराशी आला आणि वरच्या बिजागरीला लावला.

"काय करतोस?"

"दार काढतो. तुला मोठी खाट आणतो. इथे पडदा लावू, चांगला जाड—"

"हात काढ."

"आई, तुझे पाय..."

"पडदा मला आयुष्यभर पुरेल एवढा झाला." ती उठून दाराशी आली. त्याच्याएवढीच उंच, तिची नजर सरळ त्याच्या नजरेत होती. "पाय मुडपून झोप लागते मला. पण आता दार नसलं की लागायची नाही. दोन्ही देता आलं नाही तुला, तर तसं सांगायचं होतंस. मी 'चालेल' म्हणाले असते. गुपचूप कशाला केलंस?"

त्याने स्क्रूड्रायव्हर बिजागरीवरून खाली घेतला.

"आणि असा तोंड वासून उभा राहू नकोस," आई म्हणाली, "गिऱ्हाइकासारखा. सरक. मला झोप आली आहे."

तो सरकला. तिने दार लावलं, कडी घातली. बिजागऱ्या त्याच्याच हातच्या, जराही कुरकुरल्या नाहीत. स्क्रूड्रायव्हर हातात धरून तो तिथेच उभा राहिला. आत ती आडवी झाल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने कूस बदलताना गुडघे भिंतीला लागल्याचा.